गायरानातला सरदार

बीड जिल्ह्यातून आजवर जेवढी माणसं फौजेत गेली, त्या सगळ्यांनी मिळून ठोकले नसतील एवढे सलाम माझ्या चुलतसासऱ्यांनी एकट्यानं ठोकले. तेही फौजेचं तोंड न पाहता, जन्मभर धोतरात राहून, आणि सगळेच्या सगळे एका मेलेल्या माणसाला. तो माणूस कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं गाव गंगेच्या काठावर. गंगा म्हणजे गोदावरी, पण तिला गोदावरी आमच्या भागात फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात. गावाबाहेरच्या माळावर एके काळी पेशव्यांची आणि निजामाची फौज एकमेकींना भिडली होती. पुढं फौजा गेल्या, पेशवे गेले, निजामही गेला आणि माळाचं गायरान झालं. त्या गायरानाच्या मधोमध एक हातभर उंचीचा दगडी ओटा होता आणि ओट्यावर एक उभा दगड. दगडावर घोडेस्वार कोरलेला. ऊनपावसानं झिजून त्याचं नाक, हातातलं हत्यार आणि घोड्याचे पुढचे दोन पाय गेलेले. गाव त्याला नुसतं 'घोडेवाला' म्हणायचं. गुराखी त्याला टेकून भाकरी खायचे, म्हशी त्याला पाठ घासायच्या. त्याला सरदार केलं ते मामांनी.

मामा म्हणजे हेच माझे चुलतसासरे. आमच्याकडे सासऱ्यांना आणि त्यांच्या भावांना मामाच म्हणतात. पण यांना सगळा तालुकाच मामा म्हणायचा, त्यामुळे माझं नातं खास असं काही उरलं नव्हतं. घोडेवाला साधा शिपाई नसून मोठा अंमलदार होता, याचा त्यांच्याकडे एक बिनतोड पुरावा होता. दगडावर स्वाराच्या डोक्याच्या वर एक गोलसर उंचवटा होता. मला तो दगडाचा टवका वाटायचा. मामांना ती छत्री वाटायची. "जावईबापू, तुमी शिकलेले मानूस," ते म्हणायचे, "तुमीच सांगा, ज्याच्या डोक्यावर दुसऱ्यानं छत्री धरलीया तो शिपाई आसतो व्हय? शिपाई भिजतो. छत्री हापिसराला." मी मान डोलवायचो. मी तेव्हा बीडशेजारच्या पालीजवळच्या धरणाच्या कचेरीत नोकरीला होतो आणि आमच्या साहेबांच्या डोक्यावर आमचा शिपाई खरोखरच छत्री धरायचा.

लग्नानंतर मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. उन्हाचा एसटीतून उतरलो होतो, घसा कोरडा पडला होता. दारात चुलतसासूबाई, म्हणजे मामी, पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी हात पुढं करणार तोच मामांनी तो हात मधल्यामध्ये पकडला. "आदी सलामी, मंग च्या," ते म्हणाले आणि मला तसंच ओढत गायरानात घेऊन गेले. नव्या जावयाच्या कडक इस्त्रीच्या शर्टात मी त्या दगडासमोर उभा राहिलो. मामा निजामाच्या राजवटीत चार इयत्ता उर्दूतून शिकले होते. त्या शाळेतल्या कवायतीच्या मास्तरानं जो सलाम शिकवला होता, तो त्यांनी जिवापाड जपला होता. तळवा बाहेर, कोपर खांद्याच्या रेषेत, आणि हात कपाळावर इतक्या जोरात यायचा की पटका दर वेळी मागं घसरायचा. म्हणून डाव्या हातानं ते पटका धरून ठेवायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, या माणसाचं डोकं दुखतंय. मीही हात वर केला. मामांनी माझं कोपर दोन बोटांनी वर उचललं, एक पाऊल मागं जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "ठीक हाय. पोरगी चांगल्या घरी पडली."

हा सरदार कुणाच्या बाजूनं लढला, हा प्रश्न गावाला अधूनमधून पडायचा. पारावरच्या लोकांत यावरून दोन तट होते आणि एकदा तर गोष्ट हातघाईवर आली होती. शेवटी दोन्हीकडचे लोक मामांकडे निवाड्याला आले. मामा गोठ्यात म्हशीचं दूध काढत होते. त्यांनी मान वर न करता निवाडा दिला: "जित्या मानसाला दोन बाजू आस्तात. मेलेला मानूस एकाच बाजूचा, आडव्या." यावर मंडळी एकमेकांकडे बघत परत गेली. खरं तर मामा स्वतःही कुठल्या बाजूचे होते हे कुणाला सांगता आलं नसतं. साखर कारखान्याच्या निवडणुकीत ते सकाळी एका पॅनेलच्या ओट्यावर चहा प्यायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या पॅनेलच्या. दोन्ही पॅनेलांना वाटलं, मामा आपलेच. दोघांनीही त्यांचं नाव यादीत घातलं आणि मामा दोन्हीकडच्या मतांनी कारखान्याचे संचालक झाले. सहकाराच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण असेल असं मला वाटत नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत ते फक्त एकदाच बोलले म्हणतात. कारखान्याच्या फाटकावर दरवर्षी नवा रंग देतात, त्यातला उरलेला रंग सरदाराच्या ओट्याला मिळावा, अशी त्यांनी मागणी केली. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या वर्षी ओटा हिरवा होता, पुढच्या वर्षी निळा.

सरदाराची पुण्यतिथी ते चैत्र वद्य पंचमीला करायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, पुस्तकांत तर ही लढाई ऐन पावसाळ्यातली आहे." मामा जराही डगमगले नाहीत. "आसंल की. पन पावसाळ्यात मानसं कुठं मोकळी आस्तात? पेरन्या, खुरपन्या. चैत्रात रान रिकामं, मानसं रिकामी. सरदाराला कळतंय तेवढं." मग त्या दिवशी ओटा धुवायचा, हार घालायचा, आणि मामांचं भाषण. भाषण 'या पवित्र रणभूमीवर' इथून सुरू व्हायचं आणि दर वेळी कुठल्या तरी अज्ञात वळणावर उसाच्या उताऱ्याकडं जायचं. सरदाराचा घोडा गंगेच्या पात्रात उतरला की मामांना हमखास पात्रातली वाळू आठवायची, वाळूवरून कारखान्याचा नवा रस्ता, रस्त्यावरून उसाच्या गाड्या. घोडा पाण्यात तसाच उभा. एकदा एका म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं, "मामा, तो मेला का न्हाई आजून?" मामा म्हणाले, "मरतो, मरतो. घाई काय हाय? त्यालाबी न्हवती."

नैवेद्याचा प्रश्न मामींचा. तो त्यांनी फार वर्षांपूर्वी एकदाच आणि कायमचा सोडवला होता. सरदार पुण्याकडचा असला तर पुरणपोळी करावी लागेल, हैदराबादकडचा असला तर त्याला काय चालतं कोण जाणे. म्हणून त्या दही-धपाटे न्यायच्या. "ते समद्यांना चालत्यात," त्या म्हणायच्या. मामींचा सरदारावर विश्वास होता असं नाही. त्या पदराआड हसायच्या. "आमच्या सवतीपरास लाड हाय ह्या दगडाचा," असं मला त्यांनीच एकदा सांगितलं. पण धपाटे कधी चुकले नाहीत.

आणि मग तो दुष्काळ आला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस असा आला की मातीला ओल नाही, नुसता वास. गंगेच्या पात्रात माणसं झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरू लागली. माझ्या धरणावर तर असा काळ आला की पाण्याची पातळी मोजायला मी चपला घालून तळापर्यंत चालत जायचो. त्या वर्षी साखर कारखान्यानं गुरांसाठी छावणी उघडली, आणि मामांनी संचालक म्हणून ती आपल्या गावच्या गायरानात आणली. कारखान्याचे चेअरमन त्यांना म्हणाले होते, "मामा, तिथं सावलीला एका बाभळीशिवाय झाड नाही." मामा म्हणाले होते, "पन इतिहास हाय." आठवड्याभरात गायरानावर कुडाच्या आणि पाचटाच्या छपरांची वस्ती उभी राहिली. बालाघाटाच्या डोंगरातून, पार लांबलांबून माणसं जनावरं घेऊन आली. चाऱ्यासाठी उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, घेऊन ट्रॅक्टर यायचे, टँकर यायचे, हौदाभोवती गाई-बैलांची झुंबड उडायची. माणसं तिथंच रांधायची, तिथंच निजायची. आणि या सगळ्याच्या मधोमध, त्या वर्षीच्या पिवळ्या रंगात, सरदार. मामा रोज सकाळी छावणीत फेरी मारायचे. कुणाचं वासरू आजारी आहे, कुणाची गाय लंगडते आहे, कुणाला वाढं कमी पडलं, सगळं विचारायचे, आणि नव्यानं आलेल्या प्रत्येक माणसाला जनावर दाव्याला बांधायच्या आधी ओट्यापाशी उभं करून सलाम शिकवायचे. छावणीतल्या माणसांना आधी वाटलं, हा सरकारी नियम आहे.

उन्हाळा चढला तशी एक बातमी आली. छावणीची मंजुरी महिनाअखेर संपत होती. ती वाढायची असेल तर मुंबईहून मंत्री स्वतः येऊन पाहणार होते, आणि येणार होते हेलिकॉप्टरनं. एके दिवशी सकाळीच एक तरुण नायब तहसीलदार जीपमधून उतरले. त्यांनी सगळं गायरान पायाखाली घातलं. चोहीकडं छपरं, गव्हाणी, हौद. मोकळी, सपाट, टणक अशी एकच जागा होती, ओट्याभोवतीची. कारण तिथं मामा कुणाला छप्पर घालू देत नसत. नायब तहसीलदारांनी बोटानं ओटा दाखवला आणि म्हणाले, "हे तेवढं काढून टाका."

मामांनी पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. हे फार राग आल्याचं लक्षण. "साहेब," ते म्हणाले, "दोन फौजा अंगावरून गेल्या तरी ह्यो हितून हालला न्हाई. तुमच्या एका मंत्र्यासाठी कशाला हालंल?" नायब तहसीलदार नवीन होते. त्यांनी नियम सांगितला. मामांनी इतिहास सांगितला. मग मामांनी घरून छत्री मागवली आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

मी त्या दिवशी सुट्टीवर सासुरवाडीलाच होतो. चेअरमन गाडी घेऊन आले. बरोबरीच्या माणसासारखं बसून बोलले. "मामा, मंजुरी गेली तर मी कारखान्याच्या जिवावर छावणी किती दिवस चालवू? पाणी आठ मैलांवरून येतंय." मामा म्हणाले, "मला कळतंय. पन ह्याला कोन हाय? तुमच्या मंत्र्यामागं समदं सरकार हाय. ह्याच्यामागं म्या एकला." चेअरमन कपाळाला हात लावून गेले. दुपारी मामी भाकरी घेऊन गेल्या. "उठा आता," त्या म्हणाल्या, "दगडाच्या पायी जित्या जनावरांचं वाटोळं करता का?" मामांनी भाकरी खाल्ली, पण उठले नाहीत. मी छत्री धरायला गेलो तर म्हणाले, "जावईबापू, तुमी सावलीत बसा. तुमची ह्यात बदली हुईल."

संध्याकाळच्या सुमाराला डोंगराकडची एक बाई चहा घेऊन आली. एकटीच असायची छावणीत, एका गाईबरोबर. गाय इतकी खंगलेली की चार दिवसांपूर्वी बसली ती उठली नव्हती. गडी लावून, पोटाखालून कापड घालून तिला उभी करावी लागायची. बाईनं चहाची कपबशी ओट्यावर ठेवली. मामांची समजूत काढायला ती आली नव्हतीच. ती म्हणाली, "मामा, छावनी उठली म्हंजी म्या गावाकडं जाईन. पन गाय हितंच सोडून जाईन. तिच्यात चालायचं बळ न्हाई आन् माज्यात बघायचं. तुमच्या सरदाराला तेवढं सांगा, तिच्यावर नजर ठीव म्हनून."

मामांनी चहा प्यायला नाही. कपबशी सांभाळून बाजूला सरकवली. मग छत्री मिटली, खाली उतरले, दगडाच्या कानाशी गेले, म्हणजे जिथं कान असावा तिथं, आणि पुटपुटले. वळून आमच्याकडं आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"इचारलं म्या त्याला," ते म्हणाले. "म्हनला, म्या फौजेतला मानूस. हुकूम आला की तळ हालवायचा. त्यात इचारायचं काय?"

पण तळ हलणार तो मानानं, ही त्यांची अट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गायरानात जे घडलं तसं त्या रणांगणानं फौजांच्या वेळीही पाहिलं नसेल. मामांना वाजंत्री हवी होती. दुष्काळामुळं गावचा बँड लग्नांवाचून बसून होता, तो आला. पण त्यांना वरातीशिवाय दुसरं काही वाजवता येत नव्हतं, त्यामुळं नवरी उंबरा ओलांडताना वाजतं तसं काहीतरी सुरू झालं आणि छावणीतल्या दोन-तीन बायांनी सवयीनं पदर डोळ्यांना लावला. मामांना बंदुकांची सलामी हवी होती. बंदोबस्ताला आलेल्या दोन पोलिसांकडं काठ्या होत्या. त्यांनी त्या छातीशी उभ्या धरल्या. नायब तहसीलदारांना बूट काढायला लावलं. मंत्र्याच्या स्वागतासाठी आणलेल्या हारांतला एक हार चेअरमननी मुकाट्यानं काढून दिला. म्हाळबा धनगर, ज्याच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या त्या ओट्याभोवती चरल्या होत्या, त्यानं आपली घोंगडी जमिनीवर पसरली. खरं तर मेंढरांना छावणीत घेत नव्हते, पण मामांच्या शब्दाखातर म्हाळबा मदतीला आला होता. दगड मोकळा करून घोंगडीवर निजवला आणि उचलून कडेच्या बाभळीखाली नेऊन ठेवला. मग ओट्याचे चिरे काढायला सुरुवात झाली. खालची माती भुसभुशीत निघाली आणि पहार कशावर तरी अडकली. हाडं.

बँड थांबला. गर्दी मागं सरली. नायब तहसीलदारांचा चेहरा पांढरा पडला आणि ते अनवाणीच म्हणाले, "आता पंचनामा करावा लागेल." मामा मात्र खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकून बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं ज्याला सलाम केला तो आज खरोखर भेटला होता. "हाय," ते हळूच म्हणाले. "हितंच हाय."

गर्दीतून छावणीचे जनावरांचे डॉक्टर पुढं आले. माणूस कमी बोलायचा. तो खड्ड्यात उतरला, माती बाजूला केली, एक लांबलचक जबडा उचलून उन्हात धरला, दात पाहिले, आणि रोजच्या सवयीनं म्हणाला, "पेशंट घोडा आहे."

माणसं माना वाकवून जबड्याकडं बघायला लागली. डॉक्टरांना वाटलं, आपलं म्हणणं नीट कळलं नसावं. म्हणून त्यांनी आणखी खुलासा केला, "मृत्यू बराच जुना आहे. इलाज नाही." त्यांनी आणखी उकरलं, पण माणसाचं एकही हाड निघालं नाही.

आधी मागून कुणीतरी फुसकन हसलं. मग हसू पसरत पसरत सगळ्या छावणीभर गेलं. बँडवाल्यानं ढोलावर एक थाप दिली. मामींना तर खाली बसावंच लागलं. "आगं बया," त्या पोट धरून म्हणाल्या, "इतकी वर्सं म्या घोड्याला दही-धपाटे वाढले गं!" हसण्याला उधाण आलं. मीही हसलो. आणि मग माझं लक्ष मामांकडं गेलं. ते तसेच बसले होते. पटका मागं घसरला होता आणि तो सावरायला त्यांचा हात गेला नव्हता. मी त्यांना निवडणुकीत, भांडणात, आजारात पाहिलं होतं, पण इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मामींचं हसू एकदम तुटलं. त्या उठून त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

मामांनी जबड्यावरची माती बोटांनी पुसली. उठले. आता भाषण होणार म्हणून गर्दी अजून हसतच होती.

"घोडा तर घोडा," मामा म्हणाले. "ज्यानं ह्यो दगड बसवला त्याला मालूम व्हतं ना, खाली घोडा हाय म्हनून? तरी बसवला. मानूस लढाईला येतो तो पगारासाठी येतो, जहागिरीसाठी येतो, इज्जतीसाठी येतो. न्हाईतर घरी भांडून येतो. ह्यो कशासाठी आलता? ह्याला कुनी इचारलं व्हतं, चल म्हनून? दावं वढलं, आला. मालक म्हनला पळ, पळाला. मालक म्हनला थांब, थांबला. आन् मेला." मग त्यांनी हात करून सगळ्या गायरानाकडं दाखवलं. "तुमच्या दाव्याला जे उभं हाय, त्याला तरी कुनी इचारलं व्हतं का, बाबा, दुष्काळ येतोय, चालंल का म्हनून?"

भाषण एवढंच. उसाच्या उताऱ्याकडं ते त्या दिवशी गेलंच नाही. छावणीतली माणसं जनावरांसाठी घरदार सोडून आलेली होती. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. कुणी डोक्याची टोपी काढली, कुणी टॉवेल काढला. ती डोंगराकडची बाई पुढं आली आणि तिनं खड्ड्यातली माती कपाळाला लावली. हाडं म्हाळबाच्या घोंगडीत बांधून दगडाशेजारी बाभळीखाली नेली. मामांनी सलाम केला. आणि छावणीतल्या सगळ्या माणसांनी, ज्यांना त्यांनी एकेकाला धरून शिकवलं होतं, तळवा बाहेर आणि कोपर खांद्याच्या रेषेत धरून सलाम केला. नायब तहसीलदारांनीही केला. त्यांचं कोपर जरा खाली होतं. मामांनी ते चालवून घेतलं.

मग जागा चोपून काढली, चुन्याचं मोठं वर्तुळ आखलं, मधोमध ऐसपैस इंग्रजी एच काढला. शामियाना लागला. ठरल्या दिवशी माणसं सकाळपासून उन्हात उभी. दुपारी आकाशात घरघर झाली. हेलिकॉप्टर आलं, खाली उतरता उतरता असा काही धुरळा उठला की शामियाना एका अंगानं उडाला, खुर्च्या गव्हाणीत गेल्या, वाढं आभाळात गेलं आणि शे-दोनशे जनावरांनी दावी तोडून गंगेचा रस्ता धरला. चेअरमन हार हातात घेऊन डोळे मिटून उभे होते. हेलिकॉप्टरनं वरच्या वर दोन घिरट्या घातल्या आणि ते निघून गेलं. याला हवाई पाहणी म्हणतात, असं नायब तहसीलदारांनी आम्हाला नंतर सांगितलं. ते बोलताना त्यांचा आवाज रडवेला होता. दोन दिवस छावणीत कुणाला झोप आली नाही. मग पाऊस पडेपर्यंत मुदत वाढल्याचा हुकूम आला. डोंगराकडच्या बाईची गाय तोवर आपल्या पायांनी उभी राहायला लागली होती.

मामांनी मंत्र्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. "वरून त्याला जागा दिसली आसंल," ते म्हणायचे. "बूट घालून कसा उतरनार? शाना मानूस." पाऊस पडला, छावणी उठली, आणि मामांनी ओटा पुन्हा जागच्या जागी बांधून घेतला, वर्तुळाच्या मधोमध, एचच्या दोन उभ्या रेघांच्या मध्ये. खाली घोंगडीसकट घोडा, वर सरदार. मी म्हटलं, "मामा, हा एच तरी पुसून टाका. एच म्हणजे हेलिकॉप्टर." मामांनी विचारलं, "घोड्याला विंग्रजीत काय म्हंत्यात?" मी म्हटलं, "हॉर्स." "कशानं सुरू हुतंय?" मी सांगितलं. "मंग बरुबर हाय की," मामा म्हणाले, आणि पुढं दरवर्षी पुण्यतिथीच्या आधी तो चुना नव्यानं मारून घ्यायला लागले. सरदाराचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "घोडा हितं हाय म्हंजी तो लांब गेला नसंल. पायी किती जाईल?"

मामा गेले ते हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. फार हाल झाले नाहीत. त्यानंतरच्या चैत्रात मी आणि बायको मामींकडं गेलो ते केवळ त्या दिवशी त्या एकट्या नसाव्यात म्हणून. मामी ओसरीत बसल्या होत्या. "आता कशाची पुन्यतिथी," त्या म्हणाल्या. "कोन येतंय?" आम्ही विषय बदलला. ऊन वर आलं तसा म्हाळबा घाईघाईनं आला आणि म्हणाला, "वैनी, गायरानात चला. मानसं खोळंबलीत."

गायरानात माणसं होती. गावची थोडी, बाकी लांबची. त्या वर्षी छावणीत जनावरं घेऊन आलेली डोंगराकडची माणसं. कुणी एसटीनं आलं होतं, कुणी बैलगाडी जुंपून. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. ती सगळी पांढऱ्या वर्तुळाबाहेर, रणरणत्या उन्हात, नीट रांगेत उभी होती आणि वाट पाहत होती. मला पुढं ढकललं गेलं. जावई माणूस, शिकलेला, भाषण करील, असा हिशेब. मी घसा खाकरला, "बंधू आणि भगिनींनो" म्हणालो, आणि पुढं शब्द फुटेना. माणसांनी वाट पाहिली. त्यांना घाई नव्हती.

मग मामी पदर सावरत माझ्या बाजूला आल्या. जन्मात चार माणसांसमोर बोलल्या नव्हत्या.

"ते आसते," त्या म्हणाल्या, "तर तुमाला उन्हात हुबं करून बोलत बसले आसते. मला बोलाया येत न्हाई. तुमी लांबून आलात. बाभळीखाली बसा. जेवल्याबिगर कुनी जायाचं न्हाई."

कुठून कसं, पण गावातल्या घराघरातून भाकऱ्या निघाल्या, पिठलं निघालं, कांदे निघाले. बाभळीच्या विरळ सावलीत पंगत बसली. मी वाढत होतो. एक कोवळ्या मिशांचा गडी, बहुतेक बापाबरोबर पहिल्यांदाच आलेला, भाकरी मोडता मोडता म्हाळबाला विचारत होता, "आबा, ही पंगत नक्की कोनाची? सरदाराची, घोड्याची का मामाची?"

म्हाळबानं त्याच्याकडं पाहिलं. मग लांब, उन्हात चमकणाऱ्या गायरानाकडं पाहिलं.

"जेव की बे," तो म्हणाला. "पिठलं निवंल."